नोटिशीतल्या अकरा सह्या

६ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

हे पत्र बाबांच्या हाती लागणार नाही अशा जागी बसून वाच. स्वयंपाकघर चालेल, तिथे ते फक्त चहा मागायला येतात. गेल्या खेपेला फोनवर माझं आणि त्यांचं जे झालं त्यानंतर तूच म्हणाली होतीस, "भाऊजी, यापुढे कागदावर भांडा, कागद निदान फाडता तरी येतो." म्हणून हा कागद.

मी नोकरी सोडली. म्हणजे नोटीस दिली, एक महिन्याची. सहा मार्चला मी मोकळा.

कसं झालं ते ऐक. बाजाराच्या कोपऱ्यावरच्या सहा मजली इमारतीतली लिफ्ट चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये अडकली. मोठे मिस्त्री वर मोटरच्या खोलीत होते आणि मी लिफ्टच्या टपावर. आमच्या कामाची रीतच अशी आहे, एक वर, एक टपावर. टपावरच्याने "चल" म्हणायचं, वरच्याने तोच शब्द परत म्हणायचा आणि मगच मोटर हलवायची. अडीच वर्षांत एकदाही मिस्त्रींनी माझा शब्द परत म्हटल्याशिवाय लिफ्ट हलवलेली नाही. तर आमचं असं नीट चाललेलं असताना खालून मालक आले, आणि पाचव्या मजल्यावर उभे राहून, दाराच्या फटीतून, सगळ्या जमलेल्या लोकांसमोर म्हणाले, "कॉलेज अर्धवट, कामही अर्धवट. याच्या हातात पाना देण्यापेक्षा झाडू द्यायला हवा होता."

दाराचा खटका झिजलाय, तो बदला, हे मी दोन महिन्यांपूर्वी लिहून दिलेलं होतं. पण ते जाऊ दे. जमलेल्या लोकांत ती उभी होती.

आता ती कोण, हे विचारशीलच. सहाव्या मजल्यावर दातांचे डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे पेशंटांच्या वेळा लिहून घेते. मी त्या इमारतीत कामाला गेलो की ती लिफ्ट सोडून जिन्याने जाते. सहा मजले, वहिनी. माझ्यासमोर उभं राहायला लाजते, दुसरं काय असणार? एकदा जिन्यावरून वाकून तिने "अजून किती वेळ?" असं विचारलं होतं. त्या आवाजावर मी आठवडा काढला.

तर तिच्या देखत झाडू ऐकल्यावर डोक्यात तिडीक गेली. तिथेच टपावर उभा राहून तक्रारीच्या फॉर्मच्या मागे चार ओळी लिहिल्या आणि फटीतून मालकांच्या हातात दिल्या. हात ग्रीसने माखलेले होते, त्यामुळे नोटिशीवर माझे पाचही ठसे आहेत. नाकारायचं म्हटलं तरी नाकारता येणार नाही.

मला कसं मोकळं मोकळं वाटतंय.

तुझा
धाकटा दीर


१० फेब्रुवारी

प्रिय भाऊजी,

पत्र स्वयंपाकघरातच वाचलं. मामंजी दोनदा चहा मागून गेले, दोन्ही वेळा मी ते पिठाच्या डब्यामागे सरकवलं. तिसऱ्या वेळी ते म्हणाले, "त्या डब्यामागच्या माणसाला माझा आशीर्वाद सांग." तेव्हा आपल्या घरात गुपित ठेवायचं असेल तर दुसरी जागा शोधायला हवी.

मग सांगावंच लागलं. चहा संपवून ते म्हणाले, "म्हणजे हेही अर्धवट." तुमचे दादा म्हणाले, "नोटीस देऊन सोडतोय, बाबा, पळून नाही येत." त्यावर दोघांचं थोडं झालं. मी भांडी घासायला उठले.

आता माझं ऐका. कॉलेज तुम्ही सोडलंत तेव्हा कोणाला सांगितलं होतंत? सहा महिने डबा घेऊन घराबाहेर पडायचात आणि कुठे बसायचात देव जाणे. आम्हाला कळलं ते फीची चिठ्ठी घरी आली तेव्हा. मामंजींना कॉलेजचं दुःख नाही हो, डब्याचं आहे. रोज सकाळी तो ते स्वतः भरून द्यायचे.

या वेळी तुम्ही सांगून सोडताय, ही तुमच्या खात्यावरची पहिली चांगली गोष्ट. पण नुसती नोटीस देण्याने काही होत नाही. हा महिना शेवटच्या दिवसापर्यंत नीट काढा. वेळेवर जा, मालक बोलले तर एक कान बंद ठेवा. सहा मार्चला संध्याकाळी निघालात की मग मी मामंजींना सांगेन, हे त्याने पुरं केलं.

आणि सहाव्या मजल्यावरच्या मुलीबद्दल. लाजून सहा मजले चढणारी मुलगी मी आजवर पाहिलेली नाही. गुडघ्यांना लाज कळत नाही, भाऊजी. पण असेलही, मी तिथे नाही.

तुमची
वहिनी


१७ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

बस आणि वाच. बाबांनाही ऐकव, हे पत्र डब्यामागे नको.

नोटिशीचे अकरा दिवस झाले, आणि मालकांचा सूरच बदललाय. मंगळवारी त्यांनी मला आतल्या खोलीत बोलावलं. मी झाडूच्या तयारीने गेलो होतो. त्यांनी खुर्ची दिली. म्हणाले, "रागाच्या भरात माणूस बोलतो. तुझ्यासारखा हात मला दुसरा मिळायचा नाही. जायचं तर जा, पण जाताना मोठा होऊन जा." आणि माझ्या नावाचं अधिकारपत्र दिलं. म्हणजे आता मी तपासणीच्या कार्डावर सही करू शकतो.

तुला त्याचं महत्त्व कळावं म्हणून सांगतो. प्रत्येक लिफ्टमध्ये बटणांच्या वर काचेखाली एक कार्ड असतं. त्यावर दोर, ब्रेक, दाराचा खटका, सगळ्यापुढे "ठीक" किंवा "नाही" लिहिलेलं असतं आणि खाली सही. त्या सहीवर लोक पोराबाळांना घेऊन लिफ्टमध्ये शिरतात. आमच्याकडे सही फक्त मोठे मिस्त्री करायचे, वीस वर्षांचा अनुभव म्हणून. आणि आता मी, अडीच वर्षांत.

शनिवारी मालकांनी मला स्वतःच्या टेबलाशी बसवलं आणि त्यांचं पेन दिलं. अकरा इमारतींची कार्डं समोर ठेवली, सगळी भरलेली, नुसती सही बाकी. दुसऱ्या दोघा पोरांनी जाऊन बघून आणलं होतं म्हणे. मी सह्या केल्या. चौथ्या-पाचव्या सहीपर्यंत हात जपून चालत होता, नंतर कसा झरझर चालायला लागला. अकरावी तर अशी झाली की छापून ठेवावी. त्यातलं एक कार्ड कुठल्या इमारतीचं होतं ते सांगायला नकोच. म्हणजे ती रोज माझ्या सहीखाली उभी राहणार. राहिली तर.

मोठे मिस्त्री तेवढे गप्प गप्प आहेत. वाईट वाटत असेल. मीही त्यांच्याशी जरा बेतानेच बोलतो, आता बरोबरीचे झालो ना.

मालक शेवटी नोटीस मागे घे म्हणणार, असं मला वाटतंय. मी घेणार नाही. पण म्हणावं त्यांनी.

तुझा दीर,
आता सहीवाला


२० फेब्रुवारी

प्रिय भाऊजी,

तुमचं पत्र मामंजींना वाचून दाखवलं. ऐकताना ते ताठ बसले होते. अकरावी सही छापून ठेवावी इथे आल्यावर हसले सुद्धा. वर्षभरात तुमच्या नावावर हसलेले मी पहिल्यांदा पाहिले. म्हणून पुढचं त्यांच्यासमोर बोलले नाही, ते आता लिहिते. हे पत्र खरंच एकट्याने वाचा.

त्या अकरा लिफ्टचे दोर तुम्ही स्वतः पाहिलेत का?

का विचारते ते सांगते. लग्नाआधी मी औषधांच्या गोदामात नोकरीला होते, एवढं तुम्हाला माहीत आहे. लग्न ठरलं म्हणून मीही महिन्याची नोटीस दिली होती. त्या महिन्यात साहेब एकदम गोड झाले. मला वेगळं टेबल दिलं. शेवटच्या आठवड्यात तीन फायली समोर ठेवल्या, मुदत संपलेली औषधं नष्ट केल्याच्या. म्हणाले, तुमचं अक्षर चांगलं, तुमच्याच हाताने होऊ दे. मी केल्या सह्या. त्या दिवशी आईला घरी येऊन सांगितलं, माझ्यावर केवढा विश्वास आहे बघ.

ती औषधं कोणी नष्ट केलीच नव्हती. दोन वर्षांनी चौकशी लागली तेव्हा गोदामातला प्रत्येक माणूस म्हणाला, ज्या बाईंनी सही केली त्या सोडून गेल्या. मला तीनदा जबाबाला जावं लागलं. घरी सांगितलं, मैत्रिणीच्या बाळाला बघायला जाते. एकाच बाळाला तीनदा कोण बघायला जातं, हे कोणी विचारलं नाही, माझं नशीब. मी सुटले. पण त्या औषधांचं पुढे काय झालं, कोणाच्या घरात गेली, ते मला आजही माहीत नाही. तुमच्या दादांनाही हे ठाऊक नाही. तुम्हालाच पहिल्यांदा सांगते.

मालक चांगले असतीलही. पण जाणाऱ्या माणसाच्या हातात लोक किल्ल्या देत नाहीत, काढून घेतात. तुम्हाला उलट दिल्या. वीस वर्षं काम केलेल्या मिस्त्रींनी याच अकरा कार्डांवर सही का केली नाही, एवढं त्यांना विचारा.

वहिनी


२२ फेब्रुवारी

वहिनी,

तुझ्याबाबतीत झालं ते वाईट झालं. पण प्रत्येक ठिकाणी तेच होतं असं नाही. माझं काही चांगलं झालं की या घरात कोणाच्या तरी पोटात दुखतंच. बाबांचं समजू शकतो. तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती.

रविवारी स्वतः जाऊन दोर बघतो आणि तुला कळवतो. मग काय म्हणशील ते बघू.


१ मार्च

प्रिय वहिनी,

मागचं पत्र फाडून टाक. कागद फाडता येतो म्हणून तर तू कागद सुचवला होतास.

रविवारी निघालो तो तुला खोटं पाडायलाच. खिशात जुन्या बनियनचं फडकं होतं. दोर बघायची पद्धत अशी, की वीज बंद करायची, दोराभोवती सुती फडकं धरायचं आणि हात फिरवायचा. पोलादाची एक बारीक तार जरी तुटून वर आली असेल तरी फडक्याचा धागा अडकतो. डोळ्याला दिसत नाही ते फडक्याला कळतं. एकट्याला सगळा दोर बघता येत नाही, मोटरजवळचा तेवढा बघता येतो. म्हटलं, तेवढा पुरे.

पहिली इमारत, फडकं सरळ गेलं. दुसरी सरळ. तिसरी सरळ. मी मनातल्या मनात तुला पत्र लिहायला सुरुवात केली होती, बऱ्यापैकी झोंबणारं. चौथी सहा मजल्यांची. तिथे फडकं अडकलं. सोडवलं, बोटभर पुढे गेलो, परत अडकलं. एका वितीत सात वेळा. आणि खाली लिफ्टमध्ये, काचेखाली, माझ्या सहीवर: दोर ठीक.

तिथून तडक मोठ्या मिस्त्रींच्या घरी गेलो. ते झाडांना पाणी घालत होते. मी विचारलं, "या कार्डांवर तुम्ही सही का नाही केली?" ते म्हणाले, "जानेवारीतच नाही म्हणून सांगितलं मालकांना. दोन इमारतींचे दोर गेलेत, बाकीच्यांचे खटके आणि ब्रेक धड नाहीत." मी म्हटलं, "मग मला का नाही सांगितलंत?" तर म्हणाले, "तू विचारलंस कुठे? अधिकारपत्र मिळाल्यापासून तू माझ्याशी साहेबासारखा बोलतोस. मी म्हटलं, साहेबांना आपण काय सांगणार."

वहिनी, कानाखाली मारली असती तर बरं झालं असतं. मी तिथेच कुंडीच्या कडेवर बसलो. थोड्या वेळाने त्यांनी नळ बंद केला आणि म्हणाले, "फडकं दाखव." धागे मोजले. मग आत जाऊन चप्पल घालून आले.

सोमवार ते गुरुवार, रोज काम सुटल्यावर, ते वर आणि मी टपावर. अकराच्या अकरा लिफ्ट. मी "चल" म्हणायचो, ते वरून "चल" म्हणायचे. सात लिफ्टचे खटके आणि ब्रेक आम्ही दुरुस्त केले, दोन मुळातच बऱ्या निघाल्या. उरलेल्या दोन लिफ्ट आम्ही कुलूप लावून बंद केल्या. अकराही कार्डांवरची माझी आधीची सही मी आडवी रेघ मारून खोडली. नऊ ठिकाणी तिच्याखाली पुन्हा केली, तारीख घालून. दोन ठिकाणी लिहिलं: दोर खराब, लिफ्ट बंद, आणि त्याखालीही सही केली.

बंद केलेल्या दोनांतली एक दातांच्या डॉक्टरांची. काल सकाळी तिथे ही गर्दी. एक आजोबा गाल धरून उभे होते, म्हणाले, "दाढ दुखते म्हणून आलो आणि आता पाय दुखणार." मी त्यांना धरून एकेक मजला वर नेलं. वर ती होती. आजोबांना खुर्ची दिली आणि मला म्हणाली, "बरं झालं बंद केलीत. चौथ्या मजल्यावर गचका द्यायची. दोन महिने मी तिच्यात पाऊल टाकलेलं नाही." तर वहिनी, गुडघ्यांबद्दल तुझं बरोबर होतं. मग ती म्हणाली, "तुम्ही काम करत असलात की विचारावंसं वाटायचं, हिच्यात काय बिघडलंय. पण तुम्ही सारखे माझ्याकडे बघायचात, म्हणून विचारलं नाही." त्यावर मी काय बोललो ते मला आठवत नाही आणि आठवायचंही नाही.

मालकांनी आज दुपारी बोलावलं. या वेळी खुर्ची नव्हती. म्हणाले, "पाच दिवस राहिलेत. गप्प काढता येत नव्हते? तू जाणारच आहेस, तुला काय पडलंय?" मी म्हटलं, "मी जाणार आहे, सही राहणार आहे." ते म्हणाले, "अनुभवाचं प्रमाणपत्र मिळणार नाही. आत्ता निघालास तरी चालेल."

खरं सांगू, निघालोच होतो. किल्ल्यांचा जुडगा टेबलावर आपटायला हात वर गेला होता. मागच्या दारापर्यंत पोचलोही. तिथे मिस्त्री उभे होते, ते एवढंच म्हणाले, "तू गेलास की संध्याकाळपर्यंत कुलपं निघून नवी कार्डं लागतील." मी परत आत गेलो आणि म्हणालो, "माझी नोटीस सहा तारखेपर्यंत आहे. मी सहा तारखेला जाईन." असं मी आयुष्यात कधी काही बोललो नव्हतो.

आता सकाळी कामाला जाण्याआधी आणि संध्याकाळी येताना दोन्ही कुलपं बघून येतो. अजून जागेवर आहेत.

तुझं गोदामाचं कोणाला सांगणार नाही. तू मला सांगितलंस म्हणून या दोन्ही लिफ्ट बंद आहेत, एवढं तू लक्षात ठेव.

तुझा
दीर


३ मार्च

प्रिय भाऊजी,

तुमचं झोंबणारं पत्र मी फाडलेलं नाही. तुमचं लग्न होईल तेव्हा नव्या नवरीला वाचून दाखवणार आहे.

घाईत लिहिते. एक, शेवटच्या दिवशी अधिकारपत्र परत करा आणि परत केल्याची पोच मालकांच्या सहीनिशी घ्या. नाही दिली तर मिस्त्रींना साक्षीला उभं करा. दोन, अकरा कार्डांवर काय लिहिलंय त्याची नक्कल स्वतःजवळ ठेवा. तीन, बंद लिफ्टबद्दल त्या इमारतींच्या लोकांना लेखी कळवा. तुम्ही गेल्यावर कुलपाचा राखणदार म्हणून तेच आहेत. मी यातलं काहीच केलं नव्हतं, म्हणून मला सगळं पाठ आहे.

तुमच्या दादांना मी गोदामाचं सांगितलं. काल तुमचं पत्र वाचल्यावर वाटलं, आता पुरे. त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "तीन वेळा एकटी गेलीस?" दुसरं काही नाही. मग मी रडले.

मामंजींना तुमचं पत्र दिलं, वाचून दाखवलं नाही. त्यांनी स्वतः दोनदा वाचलं. रात्री जेवताना तुमच्या दादांना विचारत होते, "सहा तारीख म्हणजे बुधवार ना?"

वहिनी


१३ मार्च

प्रिय वहिनी,

बुधवार कसा गेला ते आधी.

त्या सहा मजली इमारतीच्या लोकांना मी लेखी कळवलं तसे ते सगळे मिळून मालकांकडे गेले. पुढे होते ते दाढवाले आजोबा. मंगळवारी नवा दोर आला. मंगळवार-बुधवार आम्ही दोघांनी तो चढवला. बुधवारी दुपारी चार वाजता मी टपावर उभा राहून वरपासून खालपर्यंत फडकं फिरवलं, एक धागा अडकला नाही. नवीन कार्डावर सही करताना मिस्त्रींना म्हटलं, "तुम्ही करा." ते म्हणाले, "फडकं कोणी फिरवलं?" मग मीच केली. दुसरी बंद लिफ्ट अजून बंद आहे. तिच्या कार्डाची नक्कल तिथल्या लोकांकडे दिली आहे आणि मिस्त्री रोज कुलूप बघतात.

सहाव्या मजल्यावरून ती खाली आली, लिफ्टने. मला म्हणाली, "आता कुठे जाणार?" मी म्हटलं, "माहीत नाही." तर म्हणाली, "माझी जेवणाची सुट्टी दीडला असते." मी अजून या वाक्याचा अर्थ लावतोय. तू लावू नकोस, तू लावलास की तो खरा निघतो.

मालकांनी पोच दिली. न बघता सही केली, आणि मी म्हटलं, "वाचून करा." मिस्त्री मागे तोंड फिरवून खोकले. सव्वासहाला मी समोरच्या दाराने बाहेर पडलो. मिस्त्री कोपऱ्यापर्यंत सोडायला आले. उद्यापासूनचा नवा जोडीदार आवाज फार हळू काढतो, वर ऐकू यायचं नाही, अशी तक्रार करत होते.

शुक्रवारी मोठ्या हॉस्पिटलात गेलो. त्यांच्याकडे आठ लिफ्ट आहेत, स्ट्रेचर जातं अशा, आणि माणूस हवा होता. मुलाखतीला एक इंजिनीअर बाई होत्या. शिक्षण विचारलं, मी म्हटलं, "कॉलेज मध्येच सोडलं." अनुभवाचं प्रमाणपत्र मागितलं. मी म्हटलं, "नाही मिळालं." त्यांनी फाइल मिटली. मी म्हटलं, "अकरा इमारतींचे पत्ते देतो, कार्डं काचेखाली आहेत." त्या म्हणाल्या, "लिहा." मी लिहिले. "मंगळवारी या," म्हणाल्या. असं लोक नाही म्हणण्याऐवजी म्हणतात, हे मला ठाऊक होतं, तरी गेलो.

काल गेलो तेव्हा माझा कागद त्यांच्या पुढ्यात होता आणि तीन पत्त्यांवर खुणा होत्या. स्वतः जाऊन आल्या होत्या.

म्हणाल्या, "तिन्ही ठिकाणी एक सही खोडलेली आहे. कोणी खोडली?"

"मीच."

"आणि खोडलेली सही कोणाची?"

"तीही माझीच."

"का खोडलीत?"

मी म्हटलं, "ती मालकांच्या टेबलाशी बसून केली होती. खालची टपावर उभा राहून."

त्यांनी माझा कागद घडी घालून बाजूला ठेवला. मला वाटलं, आटोपलं. पण मान खाली घालावीशी वाटली नाही, वहिनी. पहिल्यांदाच असं वाटलं नाही.

मग त्यांनी पेन उचललं. म्हणाल्या, "आधीच्या ठिकाणचं काही बाकी आहे का? कधीपासून येता येईल?"

मी म्हटलं, "नोटीस पुरी करून आलोय. उद्यापासून येतो."

आज पहिला दिवस होता. पत्र बाबांनाच उघडू दे.

तुझा
धाकटा दीर